शिकाऊ अनुज्ञप्ती : नवतरुण वाहनचालक, कायदा आणि समाजाचा खर्च

दहावीचा निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी अकरावीत प्रवेश घेते आणि अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत एका नव्या प्रश्नाची चर्चा सुरू होते. महाविद्यालय घरापासून सहा-सात किलोमीटरवर, सायंकाळचा शिकवणी वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसच्या फेऱ्या अपुऱ्या. अशा वेळी दारात उभी असलेली स्कूटर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी की नाही? बहुतेक घरांत या प्रश्नाचा निर्णय सोयीच्या अंगाने घेतला जातो. ‘जवळच तर जायचे आहे’ किंवा ‘सगळीच मुले चालवतात’ एवढे समर्थन त्यासाठी पुरेसे ठरते. कायद्याने मात्र या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिलेले आहे. त्या उत्तराचा पहिला टप्पा म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्ती होय.

हा विषय एका कुटुंबापुरता मर्यादित नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. २०२३ मध्ये मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांवर गेली. २०२२ मधील एकूण मृतांपैकी ६६.५ टक्के व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या, तर सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे प्रमुख कारण रस्ते अपघात हेच आहे. ज्या तरुण लोकसंख्येच्या बळावर भारत ‘लोकसंख्याशास्त्रीय लाभांशा’ची अपेक्षा बाळगून आहे, त्याच लोकसंख्येचा हा ऱ्हास आहे. म्हणूनच वाहन चालवण्याचा अधिकार कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर दिला जातो, हा विकासाच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर ‘यंत्रचलित वाहने’ हा विषय अंतर्भूत आहे. अशा वाहनांवर कर आकारण्याची तत्त्वेही याच नोंदीत येतात. प्रत्यक्ष वाहनकर आकारण्याचा अधिकार मात्र राज्य सूचीतील ५७ व्या नोंदीनुसार राज्यांकडे आहे. त्यामुळे वाहनचालकाच्या पात्रतेचे निकष देशभर समान असले, तरी त्यांची अंमलबजावणी राज्यांच्या परिवहन विभागांमार्फत, म्हणजेच प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत होते.

या विषयावरील पहिला देशव्यापी कायदा १९१४ मध्ये करण्यात आला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. सध्या लागू असलेला मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत. या अधिनियमात २०१९ मध्ये व्यापक दुरुस्ती करण्यात आली आणि दंडविषयक बहुतेक नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या.

येथे एक संकल्पनात्मक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. बोलीभाषेत ‘गाडीचा परवाना’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. कायद्याच्या परिभाषेत मात्र ‘अनुज्ञप्ती’ आणि ‘परवाना’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुज्ञप्ती व्यक्तीला दिली जाते. ती व्यक्ती विशिष्ट वर्गाचे वाहन चालवण्यास सक्षम असल्याचे ती प्रमाणित करते. परवाना हा परिवहन वाहनासाठी दिला जातो. ते वाहन कोणत्या मार्गावर किंवा कोणत्या क्षेत्रात प्रवासी अथवा माल यांची वाहतूक करू शकेल, हे त्यावरून ठरते. एकाचा संबंध चालकाच्या क्षमतेशी, तर दुसऱ्याचा संबंध वाहतूक व्यवसायाच्या नियमनाशी आहे. स्पर्धा परीक्षांत या दोहोंची गल्लत अनेकदा होते.

वयाची अट : सोळा की अठरा?

अधिनियमाच्या कलम ३ नुसार वैध अनुज्ञप्तीशिवाय कोणत्याही व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. कलम ४ वयोमर्यादा निश्चित करते. सर्वसाधारणपणे किमान वय १८ वर्षे आहे. परिवहन वाहनासाठी ते २० वर्षे आहे. या नियमाला एकच सवलत आहे : ज्या मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता ५० घन सेंटीमीटरपेक्षा अधिक नाही, असे वाहन १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस चालवता येते. कलम ७ नुसार १८ वर्षांखालील अर्जदारास विनागिअर मोटारसायकलची शिकाऊ अनुज्ञप्ती हवी असल्यास पालकाची लेखी संमती आवश्यक असते.

सर्वांत मोठा गैरसमज या सवलतीभोवतीच आहे. ‘सोळाव्या वर्षी विनागिअर गाडी चालते’ असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात निकष गिअरचा नसून इंजिनाच्या क्षमतेचा आहे. आज बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक विनागिअर स्कूटर १०० घन सेंटीमीटरहून अधिक क्षमतेच्या आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने त्या चालवणे हे कायद्याचे उल्लंघनच ठरते. त्याच्या खिशात ५० घन सेंटीमीटरच्या वर्गाची शिकाऊ अनुज्ञप्ती असली तरीही.

या विसंगतीमागे औद्योगिक इतिहास आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक उद्योगसमूहाने ‘लुना’ ही ५० घन सेंटीमीटरची मोपेड बाजारात आणली आणि पुढील दोन दशके लहान इंजिनाच्या मोपेडनी निमशहरी भारताला गतिशीलता दिली. १९८८ चा कायदा झाला, तेव्हा अशी वाहने रस्त्यांवर विपुल होती. पुढे उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले, ग्राहकांची पसंती अधिक शक्तीच्या वाहनांकडे वळली आणि ५० घन सेंटीमीटरची वाहने बाजारातून जवळजवळ लोप पावली. कायद्यातील सवलत कायम राहिली. ती ज्या वाहनासाठी होती, ते वाहनच उरले नाही.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बाबतीतही तारतम्य आवश्यक आहे. केंद्रीय नियमांनुसार ज्या बॅटरीचलित दुचाकीच्या मोटारची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती विहित अटींची पूर्तता करत असल्यास ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही; त्यामुळे तिला नोंदणी व अनुज्ञप्ती लागत नाही. या मर्यादेपलीकडील प्रत्येक विजेची स्कूटर हे मोटार वाहनच आहे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा वाहनाच्या प्रमाणपत्रावरील शक्ती व वेग यांची नोंद पाहणे हितावह ठरते.

शिकाऊ अनुज्ञप्तीची प्रक्रिया

शिकाऊ अनुज्ञप्तीची तरतूद अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. पूर्वी अर्जदारास आपल्या निवासाच्या क्षेत्रातील अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडेच अर्ज करावा लागत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीतून हा अर्ज भरला जातो. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि शारीरिक योग्यतेचे स्वयंघोषणापत्र ही त्यासाठीची प्रमुख कागदपत्रे होत. परिवहन वाहनासाठी मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. २०२१ पासून आधारद्वारे ओळख पटवून अर्ज आणि चाचणी घरबसल्या पूर्ण करण्याची सोयही उपलब्ध झाली आहे.

केंद्रीय नियमांच्या नियम ११ नुसार अर्जदारास प्राथमिक चाचणी द्यावी लागते. या चाचणीत चार विषयांचे ज्ञान तपासले जाते : वाहतुकीची चिन्हे, संकेत व रस्त्यावरील नियम; अपघातात कोणी मृत्युमुखी पडल्यास किंवा जखमी झाल्यास चालकाची कर्तव्ये; रक्षकविरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी; आणि वाहन चालवताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे. किमान ६० टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर आल्यास अर्जदार उत्तीर्ण होतो. हे विषय ठरवताना केवळ वाहन हाताळण्याच्या कौशल्याचा विचार झालेला नाही, हे लक्षणीय आहे. अपघातानंतर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे ही चालकाची कायदेशीर कर्तव्ये आहेत आणि शिकणाऱ्याला ती पहिल्याच पायरीवर ठाऊक असली पाहिजेत, अशी अपेक्षा त्यामागे आहे.

केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी वाहनाच्या प्रत्येक वर्गास १५० रुपये आणि चाचणीसाठी ५० रुपये शुल्क आहे; काही राज्यांत यात स्थानिक आकारणीची भर पडते. ही अनुज्ञप्ती दिल्याच्या तारखेपासून सहा महिने वैध असते.

शिकाऊ काळातील अटी

शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणजे वाहन चालवण्याची पूर्ण मोकळीक नव्हे. नियम ३ नुसार शिकणाऱ्याबरोबर वैध अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक असला पाहिजे आणि वाहनावर नियंत्रण ठेवता येईल किंवा ते थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असला पाहिजे. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर ठळकपणे दर्शवणे बंधनकारक आहे. ही पार्श्वभूमी १८ सेंटीमीटरच्या चौरसाची, तर अक्षर किमान १० सेंटीमीटर उंचीचे असावे, असे नियमांत नमूद आहे. मोटारसायकल शिकणाऱ्यास प्रशिक्षकाखेरीज अन्य कोणालाही मागे बसवता येत नाही.

या अटींची उपेक्षा हा नित्याचा अनुभव आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती हाती येताच मित्राला मागे बसवून महाविद्यालय गाठणारा विद्यार्थी स्वतःला कायद्याचे पालन करणारा समजतो. वस्तुतः अनुज्ञप्तीच्या अटी मोडताच तिने दिलेले संरक्षणही डळमळीत होते. लाल अक्षराचाही एक उपयोग आहे. समोरचा चालक नवखा आहे, हे इतर वाहनचालकांना एरवी कळण्याचा मार्ग नसतो. अर्थशास्त्रात ज्याला ‘माहितीची असममितता’ म्हणतात, तिच्यावरील हा अत्यंत स्वस्त उपाय आहे. त्या अक्षराकडे पाहून मागचा चालक अंतर राखतो आणि अपघाताची शक्यता कमी होते.

पक्की अनुज्ञप्ती

शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यानंतर किमान ३० दिवस उलटल्याखेरीज पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. कलम ९ नुसार चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्या अर्जदारास सात दिवसांनंतर पुन्हा संधी मिळते. तीन वेळा अपयश आल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते; २०१९ च्या दुरुस्तीने अशा अर्जदारासाठी सुधारात्मक प्रशिक्षणाचीही अट घातली आहे. चाचणीचे शुल्क प्रत्येक वर्गास ३०० रुपये आणि अनुज्ञप्तीचे शुल्क २०० रुपये आहे. म्हणजेच एका वर्गाच्या वाहनासाठी आरंभापासून अखेरपर्यंतचा केंद्रीय नियमांनुसार होणारा खर्च सुमारे ७०० रुपये येतो.

अनुज्ञप्तीच्या वैधतेचे निकषही २०१९ मध्ये बदलले. तिशीच्या आतील व्यक्तीला मिळालेली अनुज्ञप्ती वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत वैध राहते. ३० ते ५० या वयोगटात ती दहा वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयोगटात साठाव्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी असते. अठराव्या वर्षी दिलेली अनुज्ञप्ती पुढील २२ वर्षे कोणत्याही फेरतपासणीविना चालू राहणार असल्याने प्रारंभिक चाचणीची गुणवत्ता किती निर्णायक आहे, हे यावरून ध्यानात येते.

प्रशिक्षणाच्या दर्जासाठी २०२१ मध्ये अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना अधिसूचित करण्यात आली. हलक्या मोटार वाहनासाठी या केंद्रांत जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांपैकी ८ तास सैद्धांतिक व २१ तास प्रात्यक्षिक असतात. हे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चालन चाचणीतून सूट मिळते.

पालकांचे उत्तरदायित्व

२०१९ च्या दुरुस्तीतील सर्वांत दूरगामी तरतूद म्हणजे कलम १९९ अ. अल्पवयीन व्यक्तीने मोटार वाहनासंबंधीचा गुन्हा केल्यास तिचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी असल्याचे गृहीत धरले जाते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि संबंधित अल्पवयीनास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ अथवा पक्की अनुज्ञप्ती मिळू शकत नाही. आपल्या नकळत गुन्हा घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे. अल्पवयीनाकडे शिकाऊ किंवा पक्की अनुज्ञप्ती असेल आणि तो त्याच वर्गाचे वाहन चालवत असेल, तर हे गृहीतक लागू होत नाही.

या तरतुदीची चर्चा मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथील अपघातानंतर देशभर झाली. अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना प्राण गमवावे लागले. अशा घटनांत महागड्या मोटारींमुळे प्रसिद्धी मिळते. परंतु तालुक्याच्या गावी स्कूटरवरून तिघांनी जाताना होणारे अपघातही याच प्रश्नाची रूपे आहेत आणि त्यांची बातमी स्थानिक पानाच्या कोपऱ्यातच राहते.

दंडाच्या पलीकडे विम्याचा प्रश्न उभा राहतो. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. चालकाकडे वैध अनुज्ञप्ती नसेल, तर विमा कंपनीस बचावाचा आधार मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निवाड्यात या विषयाची सविस्तर मीमांसा केली. अपघातग्रस्तास भरपाईपासून वंचित ठेवता कामा नये, यासाठी विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग त्यामुळे दृढ झाला. शिकाऊ अनुज्ञप्तीधारक हादेखील अनुज्ञप्तीधारकच होय, हेही याच निवाड्यात स्पष्ट झाले. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. अनुज्ञप्ती नसलेल्या मुलाच्या हातून अपघात घडल्यास भरपाईची संपूर्ण रक्कम कुटुंबाच्या बचतीतून, घरातून किंवा शेतजमिनीतून वसूल होऊ शकते.

अर्थशास्त्राच्या दृष्टिकोनातून

वाहन चालवण्याच्या निर्णयात लाभ आणि खर्च यांची विभागणी विषम असते. वेळेची बचत, बसभाड्याची बचत आणि स्वातंत्र्याचा आनंद हे लाभ चालकाला व त्याच्या कुटुंबाला मिळतात. अपघाताचा खर्च मात्र पादचारी, सायकलस्वार, दुसऱ्या वाहनातील प्रवासी, सार्वजनिक रुग्णालये आणि अंतिमतः करदाते यांच्यावरही पडतो. अर्थशास्त्रात यास ‘बाह्य खर्च’ म्हणतात. ज्या कृतीचा बाह्य खर्च मोठा असतो, ती व्यक्तीच्या विवेकावर सोडल्यास समाजाच्या दृष्टीने इष्ट असलेल्या प्रमाणापेक्षा अधिक प्रमाणात घडते. अनुज्ञप्ती, विमा आणि दंड ही तीन साधने या बाह्य खर्चाचा काही भाग निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी आहेत.

नवतरुणांच्या बाबतीत आणखी एक घटक महत्त्वाचा ठरतो. धोक्याचे मूल्यमापन करण्याची क्षमता अनुभवाने येते, तर आत्मविश्वास अनुभवाच्या आधीच येतो. २०२२ मध्ये देशातील ७२ टक्क्यांहून अधिक अपघातांची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्तींना त्या वर्षी प्राण गमवावे लागले. या दोन्ही बाबतींत दोष यंत्राचा किंवा कौशल्याचा नसून निर्णयाचा आहे. कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास हेल्मेट सक्तीचे आहे आणि ते न घातल्यास १,००० रुपये दंडासह तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती अपात्र ठरण्याची तरतूद आहे. म्हणजेच अनुज्ञप्ती हे गमावता येण्याजोगे मूल्य आहे. ज्याच्याकडे ती मुळातच नाही, त्याला हा धाक उरत नाही. विनाअनुज्ञप्ती चालक अधिक धोकादायक ठरण्याचे हेही एक कारण आहे.

कुटुंबाच्या पातळीवर हा खर्च पिढीपर्यंत पोहोचतो. कमावता किंवा लवकरच कमावू लागणारा तरुण अपघातात दगावल्यास अथवा कायमचा अपंग झाल्यास कुटुंबाचे उत्पन्न घटते, उपचारांसाठी कर्ज काढावे लागते आणि घरातील एखाद्या व्यक्तीस, बहुधा स्त्रीस, शुश्रूषेसाठी रोजगार सोडावा लागतो. धाकट्या भावंडांचे शिक्षण थांबते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत रुग्णालयाचे देयक आर्थिक व्यवहार म्हणून नोंदले जाते. थांबलेले शिक्षण कोठेच नोंदले जात नाही.

परीक्षा टाळण्याची किंमत

नियम उत्तम असूनही अंमलबजावणी दुबळी असल्यास काय घडते, याचा अभ्यास दिल्लीत करण्यात आला. मरियन बर्ट्रांड, सिमेऑन ड्यानकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी ८२२ अर्जदारांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटास अनुज्ञप्ती लवकर मिळवल्यास बक्षीस देण्याचे जाहीर करण्यात आले, दुसऱ्या गटास वाहन चालवण्याचे मोफत प्रशिक्षण देण्यात आले आणि तिसरा गट तुलनेसाठी ठेवण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष अंतर्मुख करणारे होते. बक्षीस व प्रशिक्षण या दोन्ही गटांतील अर्जदारांना अनुज्ञप्ती मिळण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा अधिक होते. परंतु बक्षिसाच्या गटातील अर्जदारांनी मध्यस्थांना अधिक पैसे मोजले आणि वाहन चालवता येत नसतानाही अनुज्ञप्ती मिळवणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात अधिक आढळले. अनुज्ञप्ती मिळालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींनी चालन चाचणी दिलीच नव्हती आणि स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत निम्म्याहून अधिक व्यक्ती अपात्र ठरल्या.

भ्रष्टाचार हे केवळ नागरिकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात होणारे हस्तांतरण नसते, हे या अभ्यासाने दाखवून दिले. अपात्र व्यक्तीस पात्रतेचे प्रमाणपत्र मिळते, तेव्हा त्या प्रमाणपत्राचा मूळ हेतूच नष्ट होतो. हा अभ्यास संगणकीय प्रणालीच्या पूर्वीचा आहे. त्यानंतर अर्ज, शुल्क आणि चाचणीची वेळ या बाबी संगणकावर आल्या आणि काही राज्यांत स्वयंचलित चाचणी मार्ग उभारण्यात आले. तथापि, घरबसल्या चाचणीची सोय झाल्याने एक नवा धोकाही निर्माण झाला आहे. अर्जदाराच्या जागी दुसऱ्याने उत्तरे दिली, तर मध्यस्थ केवळ खिडकीबाहेरून घरात आला एवढाच फरक पडतो. तंत्रज्ञानाने वेळ वाचतो. प्रामाणिकपणा मात्र अर्जदाराला आणि त्याच्या पालकांनाच दाखवावा लागतो.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये वाहनचालन चाचणी सक्तीची झाली आणि शिकाऊ चालकासाठी ‘एल’ अक्षराची पाटी आली. भारतातील पद्धतीचे मूळ तेथे आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने अनुज्ञप्ती देण्याची पद्धत स्वीकारली. तेथे शिकाऊ आणि पूर्ण अनुज्ञप्ती यांच्यामध्ये एक मर्यादित टप्पा असतो. त्या काळात रात्री एकट्याने वाहन चालवण्यावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर निर्बंध असतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालील शिकाऊ चालकास देखरेखीखाली १२० तास वाहन चालवल्याची नोंद दाखवावी लागते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये अशीच पद्धत आणली आणि पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. रात्रीची वेळ आणि समवयस्क सोबती या दोन परिस्थितींत नवख्या चालकाचा धोका वाढतो, या निरीक्षणावर ही पद्धत आधारलेली आहे.

भारतात शिकाऊ व पक्की असे दोनच टप्पे आहेत आणि त्यांमधील किमान अंतर ३० दिवसांचे आहे. त्या ३० दिवसांत किती सराव झाला, याची नोंद मागितली जात नाही. सरावाच्या तासांची नोंदवही ही भारतीय परिस्थितीत अल्प खर्चात आणता येण्याजोगी सुधारणा आहे.

पर्यायांची उपलब्धता

केवळ मनाई करून गरज संपत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात पोहोचायचे आहे, ही गरज खरी आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार या योजनेमुळे मुलींची माध्यमिक शाळेतील वयानुरूप पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधील दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. महाराष्ट्रात ग्रामीण विद्यार्थिनींसाठी एसटी प्रवासाच्या मोफत पासची योजना आहे. या उदाहरणांतून एकच गोष्ट स्पष्ट होते : किशोरवयीनांच्या गतिशीलतेची जबाबदारी सार्वजनिक व्यवस्थेने स्वीकारली, तर घरच्या स्कूटरवरील दबाव कमी होतो. महाविद्यालयाच्या वेळेशी जुळणारी एक बसफेरी किंवा सुरक्षित सायकल मार्ग हीदेखील रस्ते सुरक्षेतील गुंतवणूकच आहे.

दुसरीकडे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणांसाठी अनुज्ञप्ती हे उपजीविकेचे साधन आहे. घरपोच वितरण, प्रवासी वाहतूक आणि मालवाहतूक या क्षेत्रांत तिच्याविना प्रवेश मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवण्यासाठी स्वतंत्र नोंदीची आवश्यकता नाही. यामुळे लहान मालवाहू वाहनांवर काम करणाऱ्या असंख्य चालकांच्या उपजीविकेवरील अनिश्चितता दूर झाली. त्याच वेळी मूलभूत चाचणीच्या काटेकोरपणाचे महत्त्वही वाढले.

समारोप

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे रस्ते सुरक्षेच्या कृतीचे दुसरे दशक म्हणून घोषित केले असून या काळात रस्ते अपघातांतील मृत्यू व जखमींची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ३.६ हे लक्ष्यही याच विषयाशी निगडित आहे. रस्त्यांची रचना, वाहनांची गुणवत्ता, अंमलबजावणी आणि तातडीची वैद्यकीय सेवा ही त्यासाठीची मोठी साधने आहेत आणि त्यांवर मोठा खर्चही होतो. शिकाऊ अनुज्ञप्ती हे त्यांतील सर्वांत स्वल्पखर्चिक साधन आहे.

सुमारे ७०० रुपयांचे शुल्क, सहा महिन्यांची मुदत, शेजारी बसलेला जाणता चालक आणि पुढे-मागे एक लाल अक्षर. एवढ्या साध्या सामग्रीवर ही व्यवस्था उभी आहे. तिचे यश अखेरीस त्या संध्याकाळच्या संभाषणावर अवलंबून राहते, ज्यात सतरा वर्षांचा मुलगा किल्ली मागतो आणि पालकांना उत्तर द्यायचे असते. ‘अजून एक वर्ष थांब, तोवर बसने जा, मग मी स्वतः तुला शिकवीन’ हे उत्तर देणारे कुटुंब केवळ दंड टाळत नसते. आपल्या मुलाचे आणि रस्त्यावरील एखाद्या अनोळखी व्यक्तीचे आयुष्य ते सुरक्षित करत असते.